पाळी चार दिवसांची, दुखणे महिनाभराचे

पाळीत थोडेफार दुखायचेच, असे आमच्या खानदेशात आजीपासून मावशीपर्यंत सगळ्याच सांगतात, आणि ते खोटेही नाही. परंतु ज्या दुखण्यापायी मुलीची दर महिन्याला शाळा बुडते, गोळी घेऊनही ती कण्हत पडून राहते आणि शौचाला बसताना तिच्या डोळ्यांत पाणी येते, त्या दुखण्याला 'थोडेफार' म्हणता येत नाही. माझे दुखणे शाळकरी वयापासूनचे. त्याचे नाव एंडोमेट्रिओसिस आहे हे मात्र लग्नानंतर, दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या तेव्हा समजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढते. त्यामुळे तिथे सूज येते, व्रण धरतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटू शकतात. बीजकोशात साचलेले जुने रक्त दाट तपकिरी दिसते, म्हणून त्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातून हा आजार होतो, असा सिद्धांत जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात मांडला. पण असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात थोडेबहुत जात असते आणि आजार मात्र मोजक्या जणींनाच होतो, त्यामुळे केवळ तेवढ्याने कारण उलगडत नाही. बाईच्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने हा आजार ओढवतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याला काहीही आधार नाही.

निदानाला सर्वांत मोठा अडसर माझ्या बाबतीत 'सोनोग्राफी नॉर्मल आहे' या वाक्याचा झाला. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दिसते, परंतु आवरणावर पसरलेले बारीक डाग बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे आजार नाही असे होत नाही. पूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत; २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ही अट शिथिल केली असून लक्षणांवरून औषध सुरू करून पाहण्यास त्या मोकळीक देतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

मला खरा उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. तारीख, दुखणे शून्य ते दहामध्ये किती, ओटीपोटात की कमरेत की मांडीत, शौचाच्या वेळी वाढते का, गोळी किती वाजता घेतली आणि उतार किती वेळाने पडला, एवढेच मी त्यात लिहीत असे. 'फार दुखते हो' हे डॉक्टरांनी पूर्वी अनेकदा ऐकून सोडून दिले होते. ही वही मात्र जळगावच्या डॉक्टरांनी पानापानाने वाचली आणि शौचाच्या नोंदींवर बोट ठेवून एमआरआय करायला सांगितले. संबंधाच्या वेळचे दुखणेही त्यात लिहावे. ते तोंडाने सांगणे जड जाते, कागदावर तेवढे जात नाही.

मला डायनोजेस्टची २ मिलिग्रॅमची गोळी रोज, खंड न पाडता घ्यायला दिली. तिने पाळी दबते आणि दुखणे बरेच उतरते, पण सुरुवातीचे काही महिने अवेळी रक्ताचे डाग लागत राहतात, आणि हे आमच्यासारख्या घरात अवघड होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशची देवी कानबाई बसते, रोटांच्या नैवेद्यासाठी सगळी भाऊबंदकी जमते आणि अडचणीतल्या बाईने तिथे फिरकू नये असा रिवाज आहे. मी आपणहून बाजूला बसले होते. सासूबाईंनी गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन मागून पुढून पाहिले आणि म्हणाल्या, "हाई ते औषधनं शे माय, याना कसाना इटाळ?" आणि परात माझ्यापुढे सरकवली. त्या परातीने मला जो धीर दिला तो कोणत्याही गोळीने दिलेला नाही.

वेदनाशामक गोळी दुखणे शिगेला पोहोचण्याआधी घेतली तर अधिक चांगली लागू पडते, आणि पोटात काही असताना घेतली तर पोटाला त्रास कमी होतो. मात्र वैशाखात, पारा ४५च्या घरात जातो तेव्हा, अंगातले पाणी कमी झालेले असताना मेफेनामिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणून उन्हातून आल्याबरोबर मी गोळी घेत नाही, आधी पाणी, ताक पिते. त्या दिवसांत गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही पहाटेच सोसतो. आहाराने हा आजार बरा होत नाही. तिखट शेवभाजीने त्या दिवसांत माझे पोट फुगते म्हणून मी ती टाळते, एवढेच. आणि पाळीत केळी खाऊ नये, ती थंड पडतात, असे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातसुद्धा सांगतात. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून मी ती आवर्जून खाते.

दोन सल्ल्यांची मला मनापासून चीड आहे. एक, 'मूल झाले की थांबेल.' गरोदरपणात काहींना आराम पडतो, पण तो उपचार नव्हे, आणि ज्या आजारात दिवस राहणेच अवघड होऊ शकते तिथे हा सल्ला क्रूर आहे. दुसरा, 'पिशवी काढून टाका.' बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. एंडोमेट्रिओसिसमध्ये डाग गर्भाशयाबाहेर असतात; ते तसेच राहिले तर पिशवी काढूनही दुखणे उरू शकते, आणि सोबत बीजकोश काढले तर ऐन तारुण्यात पाळी जाऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते. तरी टेबलावर जाण्यापूर्वी नेमके काय काढणार, बीजकोश ठेवणार का, आणि बाहेरचे डाग त्याच वेळी काढणार का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत.