तुम्ही विचारलंत म्हणून: टिकली मेंढरं वळायला कशी शिकली?

मेहकरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, जो भेटेल तो हेच विचारतो. पुढचा प्रश्नही ठरलेला: "विदेशी जात हाये का?" नाही हो, आमची कुत्री गावठीच आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली.

आम्हा धनगरांकडे कुत्रं असतंच, पण राखणीला. रात्री वाघुरीजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ पडायचं, लांडग्याची चाहूल लागली की भुंकायचं. मेंढरामागे धावणाऱ्या कुत्र्याला आजोबा काठीच दाखवायचे. हाकायला माणसं लागायची दोन: एक पुढे आवाज देत चालणारा, एक मागून रेटणारा. भाऊ पुण्याला कंपनीत लागला आणि आमचा मागचा माणूस गेला. पावसाळ्यात पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना सोयाबीन नाहीतर कपाशी. ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर पोचेपर्यंत एक मेंढी धुऱ्यावर (बांधावर) चढली, की बाकीच्या चढल्याच म्हणून समजा. मग शेजाऱ्याच्या शिव्या.

तेव्हा मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ पाहायला लागलो. वेल्समधल्या बाला गावात १८७३ साली मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा झाली होती, म्हणजे त्यांचा हा नाद जुनाच. ती कुत्री भुंकत नाहीत. अंग जमिनीलगत ठेवून नजर रोखतात, घेर घालतात. खरं तर ती शिकारच, फक्त शेवटचा चावा वजा. पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्यांनी ते रक्तात उतरवलंय. टिकलीत कुठलं ते रक्त! पण लहानपणी ती कोंबड्या गोठ्याच्या कोपऱ्यात गोळा करून समोर बसून राहायची, एकीलाही तोंड लावायची नाही. तेवढ्या भांडवलावर मी सुरू केलं.

पहिल्याच दिवशी तिला सगळ्या कळपावर सोडली. कळप फुटला, दोन मेंढ्या काटेरी तारेत अडकल्या, बाकीच्या सोयाबीनमध्ये. मी नुसता ओरडतोय. बाबा धुऱ्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "कुत्रीले काऊन बोंबलतं लेका? तूच तं मेंढरायच्या वाटंत उभा हायेस."

बाबांनी असला एकही व्हिडिओ पाहिला नव्हता, पण बोलले ते मुद्द्याचं. मेंढीला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं. ठराविक अंतराच्या आत कोणी शिरलं की ती त्याच्या उलट दिशेला सरकते. लांब राहिलं तर चरत राहते. म्हणजे कुत्री मेंढरांच्या पलीकडे, बरोबर माझ्या समोर हवी. मग मेंढरं आपसूक माझ्याकडे येतात. मीच मध्ये घुसलो तर तिने करावं काय?

मग नव्याने सुरुवात. शांत, म्हाताऱ्या पाच मेंढ्या. पिल्लू असलेली एकही नाही, ती पाय आपटून कुत्र्यावरच चालून येते. टिकलीच्या गळ्यात तीसेक फुटांचा दोर. आणि पहिला हुकूम धावायचा नाही, "बस". कुत्री थांबत नसेल तर बाकीचं शिकवून उपयोग नाही. रोज दहा मिनिटं, तीही उजाडताना. मे महिन्यात आमच्याकडे नऊ वाजता जमीन भाजते.

दिशा शिकवताना मात्र मी शहाणपणा केला. आमच्या वावरात एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला चिंच. म्हणून हुकूमही तेच, "विहीर" आणि "चिंच". आठवडाभर झकास चाललं. मग एक दिवस मी वावराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून "विहीर" म्हणालो आणि ती गेली थेट चिंचेकडे. चुकली नव्हती. तिने विहीर शिकलीच नव्हती. त्या आवाजाला मेंढरांभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, एवढंच शिकली होती. मी उभा कुठे आहे त्यावर विहीर डावीकडे की उजवीकडे ते ठरत होतं, हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं. शब्द बदलायला गेलो तर ती गोंधळली. म्हणून आजही गावातून जाताना मी "चिंच! चिंच!" ओरडतो आणि पोट्टे हसतात.

पांदणीवर भरवशाने सोडायला दुसरा पावसाळा उजाडला. अजूनही एखादं कोकरू मागे राहिलं तर ती त्याच्याकडे बघतच नाही, ते मलाच उचलून आणावं लागतं.

बाबांना तर माझे हुकूम माहीतही नाहीत. ते घोंगडी खांद्यावर टाकून पुढे आवाज देत चालतात, टिकली मागे राहून एकदा या धुऱ्याला, एकदा त्या धुऱ्याला जाऊन येते. ई-क्लास येईपर्यंत ते मागे वळूनही पाहत नाहीत.