तिसरी सही

अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या अर्ली डिसिजन करारावर तीन सह्या लागतात. एक विद्यार्थ्याची, एक पालकांची आणि एक शाळेतल्या काउन्सेलरची. न्यू जर्सीतल्या ज्या पब्लिक हायस्कूलमध्ये मी काम करते, तिथे माझ्याकडे सोपवलेल्या मुलांच्या अर्जांवर ही तिसरी सही माझी असते. एरवी ते मिनिटभराचं काम. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मात्र एका सहीपायी अख्खी दुपार गेली आणि शेवटी ती सही झालीच नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत बारावीनंतर जायचं तर नेहमीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो आणि निकाल मार्चअखेरीला लागतो. एक नोव्हेंबरपर्यंत अर्ज केला तर निकाल डिसेंबरच्या मध्यालाच कळतो. या लवकरच्या अर्जातही प्रकार आहेत. एमआयटीचं अर्ली ॲक्शन बांधून घालत नाही. प्रवेश मिळाला तरी एक मेपर्यंत विचार करायला मोकळीक असते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डही बांधून घालत नाहीत, फक्त त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकरचा अर्ज करू देत नाहीत. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, पेन, ड्यूक यांच्याकडे असतं ते अर्ली डिसिजन. तिथे घेतलं की जायचंच, आणि बाकी सगळीकडचे अर्ज मागे घ्यायचे. सतरा वर्षांचं मूल हा शब्द देतं, आईवडील त्याला दुजोरा देतात, आणि ‘याचा अर्थ मी या मुलाला समजावून सांगितला आहे’ असं मी लिहून देते.

ती मुलगी तिसरीत असताना नागपूरहून इथे आली. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये, आई एका माँटेसरीत शिकवते, धाकटा भाऊ सहावीत. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लावून वर्षं झालीत, आणि भारतीयांची ती रांग किती हळू सरकते हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. म्हणजे मुलगी अजून एच-फोरवर, वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. शाळेत तिच्यात आणि इतर मुलांत काडीचा फरक नाही. तोच बसस्टॉप, तेच एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय, तीच मार्चिंग बँड. फरक पडतो तो कॉलेजचा अर्ज भरताना. सरकारी मदतीचा फॅफ्सा फॉर्म तिला लागू नाही, सरकारी शैक्षणिक कर्ज नाही, आणि बऱ्याच खासगी विद्यापीठांत मदतीच्या बाबतीत तिची गणना थेट परदेशी विद्यार्थ्यांत होते.

बुधवारी, 30 ऑक्टोबरला, तिघंही माझ्या खोलीत आले. दिवाळी तोंडावर आलेली, त्यात दुसऱ्या दिवशी हॅलोविन, आणि परवा संध्याकाळी अर्जाची मुदत संपणार. बाहेर मुलांची रांग लागलेली.

‘‘मॅडम, तुमची सही तेवढी राहिलीय,’’ वडील म्हणाले. ‘‘पोर्टलवर पेंडिंग दिसतंय.’’

आयव्ही लीग या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या एका विद्यापीठाचं अर्ली डिसिजन होतं. मुलगी त्या तोडीची होती, यात मला शंका नव्हती. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळानं आमच्या भागात पाणी घुसलं, तेव्हा ती नववीत होती. पुढे दोन उन्हाळे तिनं घरामागच्या ओढ्याच्या पातळीची नोंद ठेवली, कुठल्या पावसाला कोणता रस्ता बुडतो याचा नकाशा केला आणि तो टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बैठकीत नेऊन मांडला. तिला एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग करायचं होतं आणि ते का, हे तिच्या निबंधाच्या ओळीओळीत दिसत होतं.

मी अडले ते एका चौकोनापाशी. ‘आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ होतं. याच वडिलांनी मार्चमध्ये मला स्कॉलरशिपबद्दल तपशीलवार विचारलं होतं.

‘‘मदत नको असं का भरलंत?’’

‘‘ॲडमिशनच्या कन्सल्टंटनी सांगितलं. मदत मागितली की चान्स कमी होतो म्हणे.’’

यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच समजावणं अवघड होतं. परदेशी गणल्या जाणाऱ्या मुलांचा अर्ज वाचताना घरची ऐपत अजिबात न पाहणारी विद्यापीठं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि आणखी थोडी. बाकीच्या ठिकाणी मदत मागणाऱ्या अशा मुलांसाठी पैसा मर्यादित असतो आणि त्यामुळे चुरस वाढते. त्या कन्सल्टंटनं एवढंच सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. अर्ली डिसिजनमधून सुटण्याची एकच सरळ वाट आहे: मदत मागितली आणि मिळालेली मदत पुरेशी नसेल, तर विद्यापीठ शब्दातून मोकळं करतं. जिनं मदत मागितलीच नाही तिच्यासाठी ती वाट उरत नाही. शिवाय अशा मुलांनी अर्ज करताना मदत मागितली नाही तर पुढच्या चार वर्षांत ती मागता येणार नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. या विद्यापीठाचाही होता. तो मी त्यांच्याच संकेतस्थळावर उघडून दाखवला.

वडील गप्प झाले. आईनं विचारलं, ‘‘म्हणजे पूर्ण फी? चारही वर्षं?’’

‘‘पूर्ण. राहणं-खाणं धरून वर्षाला 90 हजार डॉलरच्या वर.’’

त्यांनी माझ्या टेबलावरचा पिवळा कागद ओढला आणि गुणाकार मांडला. 3,60,000. त्याखाली दरवर्षीच्या वाढीसाठी एक अधिकचं चिन्ह काढलं आणि पेन खाली ठेवलं.

मी विद्यापीठाचा नेट प्राइस कॅल्क्युलेटरही उघडला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला 2011 पासून तो ठेवावाच लागतो. घरचं उत्पन्न, बचत, कर्ज भरलं की कुटुंबाला अंदाजे किती पडेल ते कळतं. नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या घरांना मी सप्टेंबरमध्येच तो भरायला लावते. आकडा बऱ्यापैकी जवळ येतो आणि मग शब्द देणं सोपं जातं. इथे पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हा हिशेब फक्त नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. म्हणजे मदत मागायची म्हटली तरी या घराला किंमत आधी कळायची सोयच नव्हती.

‘‘घरावर कर्ज काढू,’’ वडील म्हणाले. ‘‘पोरीच्या शिक्षणासाठी नाही काढायचं तर कशासाठी?’’

या वाक्याला मी कधीच हलकं समजत नाही. माझ्याही वडिलांनी माझ्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. पण माझ्यासमोरच्या माणसाचा या देशातला मुक्काम त्याच्या नोकरीवर अवलंबून होता. एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस मिळतात. हे मी बोलायचं की नाही असा विचार करत होते, तेवढ्यात आईच म्हणाल्या, ‘‘मागच्या वर्षी तुमच्या टीममधले किती गेले, आठवतंय ना?’’

मग आकडेवारीचा मुद्दा आला, तो येतोच. अर्लीत घेण्याचं प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त असतं, ते कागद वडिलांनी छापून आणले होते. ते आकडे खरे आहेत. कित्येक विद्यापीठं निम्मा वर्ग याच फेरीत भरून टाकतात, कारण शब्द देऊन आलेलं मूल नक्की येतं आणि वर्गातली खुर्ची रिकामी राहत नाही. पण त्या आकड्यात आधीच निवडलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ती वगळली तर आपल्या मुलीच्या वाट्याला त्यातला नेमका किती फायदा येतो, हे कुणालाच सांगता येत नाही. काही फायदा नक्की असतो. तो मी नाकारला नाही, कारण नाकारणं खोटेपणा झाला असता.

‘‘आणि नाहीच जमलं तर मोडता येतं ना?’’ वडील म्हणाले. ‘‘कोर्टात थोडंच खेचतात?’’

‘‘कोर्टात नाही खेचत. पण माझी सही शाळेच्या नावानं असते. पुढच्या वर्षी इथून जाणाऱ्या मुलांकडे ते विद्यापीठ कसं पाहील, याचा विचार मला करावा लागतो.’’ नंतर मी बातमी वाचलीच की एका मुलानं अर्ली डिसिजन मोडलं म्हणून एका विद्यापीठानं त्याच्या शाळेतल्या मुलांना वर्षभर तो मार्ग बंद केला.

एवढा वेळ मुलगी एक शब्दही बोलली नव्हती. जॅकेटची झिप वरखाली करत बसली होती. मी आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. वडिलांना ते रुचलं नाही, पण गेले.

‘‘तुला तिथेच जायचंय का?’’ मी मराठीतच विचारलं. माझ्याशी एकटी असली की ती मराठीत बोलते.

‘‘माहीत नाही, मिस.’’ मग बराच वेळ थांबून, ‘‘मी ते कॅम्पस बघितलंय, छान आहे. पण मला तिथेच जायचंय असं नाहीये. मला हे सगळं डिसेंबरमध्ये संपवायचंय. घरी जेवताना रोज हाच विषय असतो. अर्ली केलं की हो किंवा नाही, एकदाचं कळेल.’’

असं मी अनेक मुलांकडून ऐकलं आहे, पण इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. अर्ली डिसिजनचा खरा मोह प्रवेशाचा आहे असं पालकांना वाटतं. मुलांना मोह असतो तो वाट बघणं संपण्याचा. त्या सुटकेसाठी चार वर्षांची आणि आईवडिलांच्या घराची हमी लिहून द्यायला मूल तयार होतं, आणि त्याला ती किंमत वाटतच नाही.

मी तिला विचारलं, ‘‘पैशाचं काही माहीत होतं तुला?’’

‘‘बाबा म्हणाले, तू त्याची काळजी करू नको.’’

तिच्या परवानगीनं मी दोघांना आत बोलावलं आणि तिला स्वतःलाच सांगू दिलं. तिनं ते इंग्रजीत सांगितलं, एका दमात, खाली बघून. वडिलांचा चेहरा पडला. ‘‘मग एवढे दिवस का नाही बोललीस?’’ ‘‘तुम्ही विचारलं नाहीत, बाबा.’’ आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

सही करणार नाही, असं मी म्हटलं नाही. म्हटलं की हा नियम वाचून, हा आकडा बघून तिघांनी आज रात्री परत ठरवा; तुमचं ठरलं तर उद्या सकाळी मी सही करते. माझं काम समजावण्याचं आहे, कुणाचं दार बंद करण्याचं नाही. वडिलांनी मग प्रिन्स्टनचं काढलं: बंधन नाही, ऐपत बघत नाहीत, घराजवळ आहे, तर तिथे लवकरचा अर्ज दोन दिवसांत होईल का? विचार चांगला होता, वेळ चुकली होती. प्रिन्स्टनचे निबंध वेगळे, शिवाय शिक्षकांनी तपासून गुण दिलेला एक लेखी पेपर जोडावा लागतो. दोन रात्रींत ओढाताण करून पाठवलेला अर्ज या मुलीचा वाटला नसता. जानेवारीत नीट करू, असं मी सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा ईमेल आला. अर्ली डिसिजन काढून टाकलं होतं. न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, रटगर्सला, अर्ली ॲक्शन केलं, ते बंधनकारक नसतं. बाकी सगळे अर्ज जानेवारीत, आणि सगळीकडे मदतीच्या चौकोनात ‘हो’.

डिसेंबरच्या मध्याला मैत्रिणींचे निकाल लागले तेव्हाचा आठवडा तिला जड गेला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन प्रिन्स्टनचा निबंध लिहीत बसायची. एकदा रडली. त्या वेळी मला स्वतःला खात्री नव्हती की मी या घराचं भलं केलं की त्यांच्या हातातली एक संधी घालवली. मार्चअखेरीला प्रिन्स्टनचा नकार आला. मूळच्या त्या विद्यापीठानं प्रतीक्षायादीत ठेवलं आणि ती यादी हललीच नाही. ती रटगर्सला गेली, न्यू ब्रन्सविकला, रॅरिटन नदीच्या काठी. पहिल्याच वर्षी पूररेषेवर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांकडे काम मिळाल्याचं तिनं कळवलं. फी आईवडील भरतात, घरावर कर्ज नाही.

वडील गणपतीत महाराष्ट्र मंडळात भेटले. मोकळेपणानं बोलले, पण त्यांच्या मनातलं गेलेलं नाही. ‘‘मॅडम, अर्ली केलं असतं तर मिळालं असतं.’’ असेलही. ते खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही.

ही पद्धत मला अन्यायाची वाटते, हे मात्र मी त्यांच्यापाशी बोलले. ज्याला किंमत न विचारता हो म्हणता येतं त्याला ती झुकतं माप देते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं 2006 मध्ये लवकरचे अर्ज बंद करायचं जाहीर करताना, याचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना होतो, असंच म्हटलं होतं. बाकीचे फारसे त्यांच्या मागोमाग गेले नाहीत आणि 2011 मध्ये दोघांनीही ते परत सुरू केले. ज्या घरात पैशाची अडचण नाही आणि मुलाचं मन खरोखर एकाच जागी जडलं आहे, त्यांच्या करारावर मी आजही आनंदानं सही करते. पण एच-फोरवरच्या मुलांची यादी आता मी अकरावीतच वेगळी काढते. त्यांच्या पालकांना मे महिन्यात बोलावते, करार छापून हातात देते आणि मदतीच्या चौकोनाबद्दल मुलासमोरच बोलते. या वर्षीच्या बैठकीला ती मुलगी स्वतः आली होती. पालकांचे निम्मे प्रश्न तिनंच घेतले.