त्रेचाळीस पोफळी

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्यानंतर मी, कृषी सहायक, पंचनाम्याचे कागद घेऊन वाड्या तुडवत होतो. वीज नाही, रेंज नाही, तोंडाला मास्क.

एका वाडीत आडव्या पडलेल्या पोफळी ओलांडत पडवीशी पोचलो. आजी पायरीवर बसलेल्या.

"क्षेत्र किती? झाडं किती? सातबारा कोणाच्या नावावर?"

"लिहा काय लिहायचं ते, साहेब."

मीच झाडं मोजली. एक्केचाळीस. सातबाऱ्याचं पुन्हा विचारलं, तर त्यांनी तोंडच फिरवलं. अजून चार घरं बाकी होती, चिडलोच जरा. तेवढ्यात पाऊस कोसळला. कागद पिशवीत कोंबून पडवीत शिरलो. आता गप्प तरी किती बसणार?

"विहिरीकडची ती उंच पोफळ कोणी लावलेली?"

"मामंजींनी." मग हळूहळू एकेक येत गेलं. पाटाकडची ओळ थोरली झाली त्या सालची. दोनदा माझ्या गावच्या वाडीचं सांगायची उबळ आली, गिळली. "मग त्या ओळीला पाणी कोण लावायचं?" एवढंच विचारलं.

"मीच. आणि तू एक्केचाळीस लिहिलंस ना? त्रेचाळीस आहेत. दोन फणसाखाली गाडल्या."

साहेबाचा 'तू' कधी झाला, कळलंच नाही. आजी आत गेल्या आणि ट्रंकेतून सातबारा घेऊन आल्या. सहा गुंठे, सामाईक. वारलेले यजमान आणि मुंबईतले दोन दीर. वारसनोंद कधी झालीच नव्हती.

"सही केली तर मुंबईवाले म्हणतील, हिने वाडी लाटली."

पंचनाम्याने मालकी बदलत नाही, ही फक्त नुकसानीची नोंद, पैशांसाठी मात्र दिरांचं संमतीपत्र लागेल, हे सावकाश समजावलं. रकमेशी जीभ अडखळली. फळबागेची भरपाई त्या वर्षी वाढवून हेक्टरी 50,000 केली होती खरी. पण हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. सहा गुंठ्यांचे होतात साधारण 3,000. आणि पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात.

आजी काहीच बोलल्या नाहीत. पाऊस ओसरल्यावर फणसाच्या फांद्या बाजूला करून मी त्या दोन पाहिल्या, 41 खोडून 43 केलं. सही झाली.

निघताना मागून हाक आली, "तुझ्या घराची कौलं राहिली का रे?"

"पत्रे होते, आजी. उडाले."

"मग बस. चहा घेऊन जा."