खवले मांजरं आहेत तरी किती?

"वाघ मोजता, तशी खवले मांजरं मोजली असतील ना? मग किती आहेत सह्याद्रीत?" एसटीत शेजारी बसलेल्या माणसापासून लग्नात भेटलेल्या मामांपर्यंत सगळे मला हेच विचारतात. खवले मांजर म्हणजे पँगोलिन, अंगभर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी; मांजर नव्हे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. आकडा माझ्याकडे नाही, आणि कुणी तो छातीठोकपणे सांगितला तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. कॅमेऱ्यात आलेला वाघ कालचाच की दुसरा, हे त्यावरून कळतं आणि हिशेब मांडता येतो. खवले मांजराच्या अंगावर अशी खूण नाही. त्यात ते रात्री एकटं फिरतं आणि दिवस बिळात काढतं. म्हणून त्याचा माग काढणारे आम्ही 'किती' सोडून 'कुठे' हा प्रश्न धरतो.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झाला. अशा जंगलाच्या नकाशावर चौकोन आखायचे आणि एकाच चौकोनात पुन्हा पुन्हा जायचं. पहिल्या फेरीत त्याच्या वावराची खूण मिळाली, दुसरीत नाही, तिसरीत परत मिळाली, तर आपली नजर किती वेळा चुकते हे कळतं. ती चूक हिशेबात धरली नाही, तर रिकामा दिसलेला चौकोन खरंच रिकामा आहे असं आपण समजून बसतो, आणि संरक्षण भलतीकडेच दिलं जातं.

खुणा वाचणं मला वनरक्षक काकांनी शिकवलं. मुंग्या-वाळवीसाठी उकरलेला खड्डा उथळ असतो, राहायचं बीळ खोल. आत जनावर असेल तर बिळाचं तोंड कधीकधी आतून मातीने बुजवलेलं असतं. फोडलेलं वारूळ दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही, कारण अस्वलही वारूळ फोडतं. बीळ साळिंदराचंही असू शकतं. विष्ठेत मुंग्यांची डोकी आणि माती सापडली की जरा धीर येतो. कातळ सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, तर खणायला मातीच नाही, आणि आषाढातला पाऊस एका रात्रीत सगळ्या खुणा धुऊन नेतो.

बीळ कुठे सापडलं, हे मात्र मी कुणालाच सांगत नाही. राग मानू नका. त्याचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे, तरी त्यांच्यासाठी त्याला मारतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. खवले मांजराच्या जगातल्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं 2016 मध्ये ठरलं, आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी शिकार थांबलेली नाही. धोका जाणवला की ते पळत नाही, अंगाचं वेटोळं करून जागीच बसतं. बिबट्यापुढे हे चालतं, पण माणूस ते वेटोळं तसंच उचलून पोत्यात घालतो.

गेल्या मार्गशीर्षात एका बिळाशी, अगदी जमिनीलगत कॅमेरा लावला होता. अकरा रात्री फक्त वाऱ्याने हलणारं गवत. बाराव्या रात्री शेपटीचं टोक आणि त्यामागे उडालेली माती, एवढंच. काकांनी तो फोटो तीनदा मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा चौकोन भरा."

पुढच्या महिन्यात त्याच चौकोनात परत गेलो. काहीच मिळालं नाही. तेही लिहून ठेवलं.