संगमावरचं निळं प्रश्नचिन्ह

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ. त्याच्या नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसलं की त्या जागी डबी नसते. ती जागा नुसती निमित्ताची. खरे अक्षांश-रेखांश कोडं सोडवून काढायचे आणि ते तिथून साधारण तीन किलोमीटरच्या आत असतात, एवढाच काय तो दिलासा. पुण्यातलं हे प्रश्नचिन्ह मुळा-मुठेच्या संगमावर होतं आणि कोडं पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या खडकीच्या लढाईवर बेतलेलं.

संगम का, हे इतिहास थोडाफार वाचलेल्याला लगेच कळतं. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला वकील, एल्फिन्स्टन तिथेच राहायचा. लढाईच्या दिवशी दुपारी तो नदी ओलांडून खडकीला आपल्या पलटणींना जाऊन मिळाला आणि मागे रेसिडेन्सी पेटवली गेली. त्याची पुस्तकं, कागदपत्रं, सगळं त्यात खाक झालं.

कोड्यात गोष्ट होती, पण साल-तारीख एकही नाही. खाली सहा अक्षरांचं सूत्र, प्रत्येक अक्षराच्या जागी एक अंक: तीन अक्षरं अक्षांशाच्या मिनिटांच्या दशांशात, तीन रेखांशाच्या. मला खरं तर कोडी फारशी आवडत नाहीत. बरीचशी एकतर सांकेतिक लिपीची डोकेफोड असतात, नाहीतर मोबाइलवर शोधून पाच मिनिटांत उरकणारी. हे दोन्हींतलं नव्हतं.

पहिला संशय पर्वतीवर. दुसऱ्या बाजीरावाने लढाई पर्वतीवरून पाहिली हे पुण्यात शाळकरी पोरंही सांगतात, आणि डबी लपवायला टेकडी बरीच. पण नकाशावर संगमाभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर पर्वती बाहेर राहते. म्हणजे लिहिणाऱ्याला पेशव्यांच्या नजरेतून लढाई दाखवायची नव्हती. मग कोणाच्या?

एकेक प्रश्न घेत गेलो. लढाईचा वार कोणता? ५ नोव्हेंबर १८१७ म्हणजे बुधवार. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर. शक कोणता? १७३९, त्यातला अमुक अंक घ्या. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं ती तारीख? १७ नोव्हेंबर, ते लावणाऱ्या बाळाजीपंत नातूंचं नाव त्या दिवसाला चिकटलं ते कायमचं. जरीपटका, म्हणजे पेशव्यांचं निशाण, ज्याच्याकडे होता त्याच्या आडनावात अक्षरं किती? दीक्षित, तीन.

इथे मी जरा थबकलो. फक्त आडनावच का? कारण नाव कुठे मोर, कुठे मोरो, कुठे मोरोपंत असं छापलेलं असतं, आडनाव मात्र सगळीकडे तेच. मग ध्यानात आलं की फौजेचे आकडे कोड्यात कुठेच नाहीत. वास्तविक खडकीच्या लढाईवर कोणी चार ओळी लिहिल्या तरी पहिली ओळ आकड्यांचीच असते: मराठे इतके हजार, इंग्रज तीनेक हजार, पडले इतके. मराठ्यांकडचे ते आकडे बहुतेक समोरच्यांनी अंदाजाने लिहिलेले. लिहिणाऱ्याने त्यांना हात लावला नव्हता, आणि माझ्या मते कोड्याची निम्मी करामत इथेच आहे.

उरलेली निम्मी आष्टीच्या प्रश्नात. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले सोलापूरकडच्या आष्टीच्या लढाईत पडले ती फेब्रुवारी १८१८ मधली तारीख विचारली होती. कुठे १९ सापडते, कुठे २०. चाळलेल्या प्रत्येक पुस्तकाने माझा निकाल फिरवला. शेवटी पुस्तकं बाजूला ठेवून सूत्र पुन्हा वाचलं: ‘तारखेतून १५ वजा करा’ आणि येणारा अंक अक्षांशाच्या शेवटच्या घरात. म्हणजे ४ किंवा ५. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. पहिल्या दशांशात तोच फरक १८५ मीटर झाला असता आणि मी भलत्याच झुडपात काठ्या घालत बसलो असतो. आणि नुसता एकम स्थानचा अंक घ्यायला सांगितला असता तर ९ की ० या घोळात सोळाएक मीटर गेले असते. पंधरा वजा करायला लावून त्याने वादाची तारीख दोन पावलांत आणून ठेवली. जीपीएसच एवढं इकडे-तिकडे करतं.

सहावा अंक घरबसल्या मिळणारा नव्हता म्हणा, किंवा मिळाला असता तरी जावंसं वाटलं. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत पहिल्या महायुद्धाचं जे स्मारक आहे त्याच्या नावातलं शेवटचं साल हवं होतं. ते १९१८ हे कोणीही सांगेल. पण आत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत; एकसारखे दगड, एकसारख्या रांगा, कापलेलं गवत. वय कोरलेलं वाचत गेलं की पाय आपोआप हळू पडतात. तिथे काही लपवलेलं नाही आणि नसावंच. फक्त वाचायचं आणि निघायचं.

अंक भरून पडताळणीच्या चौकटीत टाकले, हिरवी खूण आली. जागा सांगणार नाही; पुढच्याची मजा जाईल. एवढंच सांगतो की ती लष्करी हद्दीत नाही आणि चढ आहे.

तिथे उभं राहिल्यावर ‘कोणाच्या नजरेतून’ याचं उत्तर मिळालं. सूत्राखाली एक ओळ होती: ‘इथून मैदान दिसतं, चिखल दिसत नाही.’ ही गोखल्यांच्या घोडदळाची गोष्ट. खुद्द त्या दिवशी हजर असलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रजांचा अधिकारी ग्रँट डफ लिहितो की इंग्रजांच्या डाव्या अंगासमोर खोल दलदल होती आणि ती दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हती. जरीपटक्यामागून भरधाव निघालेली घोडी तिच्यात फसली, मागची पुढच्यांवर आदळली, आणि हल्ला तिथेच मोडला. मोर दीक्षितही त्याच दिवशी पडले. दापोडीहून आलेल्या, इंग्रजांच्या बाजूच्या फोर्डच्या पलटणीच्या तोफेचा गोळा लागून, आणि हा फोर्ड त्यांचा मित्र. आज त्या बाजूला रस्ते, वसाहती, रेल्वे. दलदल नेमकी कुठे होती ते वरून बोट ठेवून दाखवणं कठीण. पण सपाट दिसणाऱ्या जमिनीवर घोडा घालावासा का वाटला असेल, ते वरून पटतं.

डबी शोधायला मात्र इतिहासाचा उपयोग शून्य. झाडाखाली जीपीएस चार-पाच मीटर नाचत होतं. दगडांच्या सांदीत हात घालण्याआधी काठी फिरवली, विंचवाची भीती. फिरायला आलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. ‘काय हरवलं का रे बाळा?’

‘नाही आजोबा, सापडतंय का बघतोय.’

‘हरवलं नाही तर सापडणार काय?’ असं म्हणून ते पुढे गेले. ते वळणाआड जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत बसलो, मग सपाट दगड उचलला. खाली जुन्या कॅमेरा रोलची काळी डबी, वर मातकट चिकटपट्टी. आतली कागदाची पट्टी गुंडाळून गुंडाळून मऊ पडलेली, कडेला ओल. पेन उठेना, पेन्सिल उठली. नाव आणि तारीख लिहून डबी होती तशी ठेवली, दगड त्याच बाजूने लावला.

घरी येऊन नोंद केली आणि लिहिणाऱ्याला विचारलं, तू आष्टीची कोणती तारीख धरतोस? उत्तर आलं, ‘दोन्ही.’ पट्टी बदलायला हवी हेही कळवलंय. त्याआधी कोणी जाणार असेल तर छोट्या पिशवीत कोरडा कागद आणि पेन्सिल सोबत न्या, आणि पावसाळ्यात त्या चढावर चपला घालून जाऊ नका.