बाई आणि मर्कटाचा श्लोक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि बाकी सगळं मागे पडून मराठीच्या बाईच आठवत राहिल्या. नाव लिहायची गरज नाही. आमच्या पिढीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

आठवीत असताना वर्गातला एकजण पैजेखातर वरच्या मजल्याच्या कठड्यावरून चालला. खालून एक सर ओरडले, “आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!” झालं, पोरं त्याला मर्कट म्हणून चिडवू लागली. बाईंना ते खपलं नाही. धडा बाजूला ठेवून त्यांनी अख्खा श्लोक फळ्यावर लिहिला:

आधीच मर्कट तशातहि मद्य प्याला
झाला तशात जरि वृश्चिकदंश त्याला
झाली तयास तदनंतर भूतबाधा
चेष्टा वदू मग किती कपिच्या अगाधा

आमच्याकडून गण पाडून घेतले: त भ ज ज ग ग, म्हणजे वसंततिलका वृत्त. मग ‘मर्कटस्य सुरापानं’ने सुरू होऊन ‘यद्वा तद्वा भविष्यति’वर संपणारा, त्याच अर्थाचा अनुष्टुभ छंदातला संस्कृत श्लोक म्हणून दाखवला. म्हणाल्या, “तुम्ही पहिल्याच ओळीत थांबता. माकड मुळात चंचल. त्यावर दारू, त्यावर विंचू, त्यावर भूत. एवढं एकावर एक चढल्यावर ते काय करील याचा नेम नाही, असं कवी सांगतोय. हा मुलगा धाडसी आहेच. पण पैजेची दारू त्याला कुणी पाजली? खालून टाळ्या कोण पिटत होतं?”

वर्ग चिडीचूप. त्यानंतर त्याला कुणी मर्कट म्हटलं नाही.

आज मी कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. अपघात झाला की पहिला शेरा ठरलेला: ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. लागोपाठ दुसरी पाळी, यंत्राचं काढून ठेवलेलं गार्ड, वरून चाललेली घाई, हे सगळं अहवालात आल्याशिवाय मी सही करत नाही. ही नजर मला बाईंनी दिली.

मुलीच्या गाईडात ही म्हण अर्ध्या ओळीची उरली आहे. समोर अर्थ: ‘मुळात उच्छृंखल, त्यात आणखी भर’. गुण मिळतात, पण विंचू गेला, भूत गेलं, चाल तर गेलीच. शाळेने आठवड्यातला एक तास वृत्तं चालीवर म्हणायला राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोलावलंत तर रजा काढून येईन.