खोडरबर बंद

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरवायचे म्हटलं की आमच्या नाशिकच्या मुलांच्या तोंडी एकच शब्द असतो: स्मार्ट. स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट पार्किंग, द्राक्षबागेची स्मार्ट फवारणी. बरीच वर्षं मीही मान डोलावून सह्या केल्या. यंदा लॅपटॉप मिटायला लावले, प्रत्येकाला ए-३ कागद आणि बॉलपेन दिलं. खोडरबर बंद. चुकलं तर शेजारी नव्यानं काढायचं.

"मॅडम, आमची चित्रकला भंगार आहे," मागून आवाज आला.

"माझीही. चौकोन, गोल आणि बाण येतात ना? मग काढा तुमचं स्मार्ट."

वर्ग गप्प. बोलताना 'सिस्टीम बसवायची' एवढ्यावर भागतं. कागदावर मात्र ती नेमकी कुठे बसवायची, ते ठरवावंच लागतं.

निफाडकडचा एक मुलगा, एरवी हजेरीपुरतं बोलणारा, त्यानं 'स्मार्ट कांदाचाळ' लिहून आणलं होतं. (कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड.) आता त्यानं घरची चाळ काढायला घेतली, मधोमध कापल्यासारखी. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, बाजूला बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा, आत उन्हाळ कांद्याचा ढीग. (लाल कांदा चाळीत टिकत नाही, हे त्यानं शहरातल्या पोरांना दोनदा सांगितलं.) मग हवेचे बाण: खालून, दोन्ही बाजूंनी.

शेजारच्या मुलीनं ढिगाच्या मध्यावर बोट ठेवलं. "इथं एकही बाण नाही."

तो थांबला. "चाळ ४ फूट रुंद ठेवा म्हणतात. आमची ६ फूट आहे. माल जास्त मावतो." मग बाण नव्हता तिथं त्यानं पेन घासून काळा डाग केला. "इथंच सडत असणार."

मी खूश. विषय मिळाला, मध्यापर्यंत हवा न्यायची; मनात मी सहीसुद्धा करून टाकली. त्याचं समाधान झालं नव्हतं. व्हरांड्यात जाऊन त्यानं घरी फोन लावला. दारातून ऐकू येत होतं, "अण्णा, सडका कांदा पहिल्यांदा कुठं घावतो? मधी का कडंला?"

परत आला तो चेहरा पाडून. मध्ये नाही, पश्चिमेच्या अंगाला. पावसाळ्यात त्या बाजूनं झड येते, कडेचे कांदे भिजतात. अण्णा तिकडं ताडपत्री बांधतात.

डाग खोडता येईना. त्यानं त्यावर फुली मारली, शेजारी तीच चाळ पुन्हा काढली. या वेळी पश्चिमेला पावसाच्या तिरक्या रेघा, त्यांच्यापुढे ताडपत्रीची जाड रेघ. आणि हवेचा बाण काढायला पेन टेकवलं, तर ते बरोबर त्या जाड रेघेवरच.

"मॅडम, वारंबी तिकडूनच येतं," तो म्हणाला. "पाऊस अडवला की हवाबी अडते."

कॉलेजात 'वारं पण' म्हणायची सवय त्यानं कष्टानं लावून घेतली होती, ती त्या क्षणी गळून पडली. शेजारची मुलगी स्वतःचं पार्किंग सोडून त्याच्या कागदावर वाकली होती. पट्ट्या तिरप्या बसवल्या तर? खिडकीच्या झडपांसारख्या? तिनं कोपऱ्यात काढून दाखवलं, त्यानं लगेच त्यात ढिगाचा भार पेलायचा प्रश्न काढला.

तास संपल्याची घंटा झाली. फॉर्मवर विषयाची जागा कोरीच होती. मी सहीसाठी पेन उघडलं, तर तो म्हणाला, "थांबा ना, अजून एक कागद द्या."